बकरीच्या पुस्तकवाल्या बाईंना भेटायला गेलो, त्याची गोष्ट

शाळेतल्या मुलांना घेऊन एखाद्या लेखकाला भेटायला जावं असं मनात असूनही "एवढ्या परवानग्या कोण काढत बसेल" म्हणून जे थांबले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २६. तालुक्याचं गाव १८ किलोमीटरवर, आणि 'पुस्तकाचं दुकान' म्हणायचं तर तिथला एक बुक डेपो. वह्या, गाईडं, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे आणि कोपऱ्यात एक मांडणी गोष्टींच्या पुस्तकांची.

लेखिकेचं नाव लिहीत नाही. त्यांनीच फोनवर सांगितलं, "लिहा अवश्य, पण नाव नको, नाहीतर दर शनिवारी मला कुठल्या ना कुठल्या गावी जावं लागेल." आणि त्या गेल्याही असत्या, हे भेटल्यानंतर मी खात्रीने सांगू शकते. नाव नाही म्हटल्यावर पुस्तकाचं नावही लिहिता येत नाही. आमची मुलं त्याला 'बकरीचं पुस्तक' म्हणतात, तेच इथे चालवून घेऊ.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळांना ग्रंथालयासाठी ५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. तशाच एका खरेदीत हे २४ पानांचं पुस्तक आमच्याकडे आलं. गोष्ट साधी आहे. सांजच्याला बकरी घरी येत नाही, एक मुलगी तिला गावभर शोधते, आणि बकरी सापडते ती आजीच्या घराच्या कवेलूंच्या छपरावर. शेवटच्या पानावर बकरी हसते. एवढंच. पण पहिलीतल्या मुलांनी ते पाठ केलं, मग त्यांच्या धाकट्या भावंडांनी अंगणवाडीत पाठ केलं. पिना दोनदा बदलल्या, चिकटपट्टी तर विचारू नका.

२०२५च्या २२ जानेवारीला मी प्रजासत्ताक दिनाच्या पताका आणायला बुक डेपोत गेले होते. दुकानदारभाऊ पताका मोजता मोजता म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या बकरीवाल्या बाईचं आजोळ आपल्याच तालुक्यातलं आहे, माहीत आहे का? फेब्रुवारीत लग्नाला येऊन राहिल्या." भाऊंनी त्या लेखिकेची आणखी पुस्तकं मागवण्यासाठी प्रकाशकांना फोन केला होता, त्यात हे कळलं. मग त्यांनी सरळ विचारून टाकलं होतं, की आमच्या दुकानात दोन तास बसाल का. बाई हो म्हणाल्या होत्या. शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी ११.

मला पहिला विचार काय आला सांगू? आपली मुलं तिथे काय बोलणार. असे कार्यक्रम वर्तमानपत्रात दिसतात ते पुण्यातले, मुंबईतले, फार तर नागपूरचे. त्यातली मुलं कशी फाडफाड बोलतात. आमची पोरं तालुक्याच्या गावी गेली की माझ्या ओढणीचं टोक धरून चालतात. तरी घरी येऊन मुख्याध्यापक सरांना फोन केला. सर म्हणाले, "आधी ठराव घेऊ, मग घाबरू."

ठरावाचं काम २६ जानेवारीला उरकलं. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालकच असतात, आणि एरवी तूर, हरभरा, कापसाची शेवटची वेचणी यांतून त्यांना शाळेत बोलावणं म्हणजे एक रोज बुडवणं. झेंडावंदनाला सगळे आलेलेच होते. तिथेच सभा घेतली, इतिवृत्तात नोंद केली, सह्या आणि अंगठे झाले.

एका मुलाची आजी मात्र अडून बसली. "पुस्तक आहे ना शाळेत? मंग ते लिहिनारीले पाह्याले काहून जा लागते?" प्रश्न अगदी रास्त होता. मी काहीबाही सांगितलं. आजीला ते पटलं नाही, पण तिने सही केली, वर म्हणाली, "माया नातू जाऊन राहिला, तं मी बी येतो." अशा रीतीने आमच्या चार सोबतिणींमधली पहिली ठरली.

आता कागदपत्रं. पंचायत समितीत अर्ज करताना विषयाच्या ओळीत मी 'शैक्षणिक सहल' लिहिलं होतं. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचून परत माझ्याकडे सरकवला. "सहल लिहाल तर फाइल जिल्ह्याला जाईल. तालुक्यातच जायचं, त्याच दिवशी यायचं, मग क्षेत्रभेट लिहा." हा सल्ला त्यांनी दिला नसता तर आम्ही बहुधा गेलोच नसतो. शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा शनिवारी कृतींतून शिकण्याचा उपक्रम आणला, त्याचा संदर्भही अर्जात टाकला. त्या उपक्रमाचा शासन निर्णय सोबत जोडला की पुढचे प्रश्न कमी होतात.

अर्जाला काय काय जोडलं: समितीचा ठराव, वर्गवार मुलांची यादी जन्मतारखेसह, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, जाण्यायेण्याच्या वेळा आणि वाहन, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची व महिला पालकांची नावं, प्रथमोपचार पेटी सोबत असेल असं हमीपत्र, आणि त्या दिवशीच्या पोषण आहाराचं काय करणार ते. शेवटचं आम्ही विसरलो असतो, पण खिचडी शिजवणाऱ्या ताईंनीच आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, मी लवकर येऊन शिजवते, लेकरं खाऊनच जातील. तसंच लिहिलं.

सगळं केंद्रप्रमुखांच्या शिफारशीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं. २८ जानेवारीला अर्ज दिला. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा, आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का पडल्याशिवाय तिथून हलू नका. पुढचे दोन आठवडे फोनवर मला दर वेळी पहिला प्रश्न तोच विचारला गेला, आवक क्रमांक काय. मध्ये फाइल एका टेबलावर थांबली, कारण त्या टेबलाचे साहेब प्रशिक्षणाला गेले होते. मुलं रोज विचारत, "मॅडम, झालं का?" मी म्हणे, होईल. माझ्या मनात तोवर परवानगी न आल्याचं दुःख आणि सुटल्याचा आनंद असं दोन्ही एकदम चाललेलं होतं. परवानगीचं पत्र हातात पडलं १३ फेब्रुवारीला, गुरुवारी दुपारी.

वाहनाचं म्हणाल तर शालेय सहलींसाठी एसटी प्रासंगिक करारावर निम्म्या भाड्यात अख्खी बस देते. लांब जायचं असेल तर तेच करा. आमच्या १८ किलोमीटरला अख्खी बस कशाला, म्हणून रोजच्या सकाळच्या गाडीने जायचं ठरवलं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना हाफ तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं भाडं, त्यामुळे आमच्यात पूर्ण तिकीट काढणारे एकटे सरच. २५ जानेवारीपासून भाडेवाढ झालेली होती, तरी २४ मुलं, चार आया-आज्या आणि आम्ही दोघं, जाऊन येऊन हजाराच्या आतच बसलो. कंडक्टरच्या हातात आधीच नावं आणि वयं लिहिलेली यादी ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली आणि एकेका पोराला वय विचारत बसावं लागलं नाही.

पैशाचा एक वेगळा पेच होता. पुस्तकावर सही घ्यायची तर पुस्तक विकत घ्यायला हवं. साधारण शंभराचं एक पुस्तक. काही घरं घेऊ शकत होती, बरीच नव्हती. सहीसाठी रांगेत उभं राहिल्यावर एकाच्या हातात नवं कोरं पुस्तक आणि दुसऱ्याचे हात रिकामे, हे मला नको होतं. म्हणून ठरवलं, कुणीही स्वतःसाठी पुस्तक घ्यायचं नाही. शाळेसाठी नवी पाच घ्यायची, भाऊंनी १५ टक्के सूट कबूल केली होती. मुलांसाठी कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले, एका बाजूला प्रत्येकाने बकरीच्या पुस्तकातलं आवडतं चित्र काढायचं, दुसऱ्या बाजूला सही. प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात मुलाचं नाव आधीच लिहून ठेवलं, म्हणजे बाईंना दर वेळी "नाव काय रे" विचारावं लागू नये. ही तयारी फार कामाला आली.

दुसरी तयारी, म्हणजे प्रश्नांच्या चिठ्ठ्या, अजिबात आली नाही. ते पुढे सांगते.

१५ तारखेला सकाळी पोरं तेल लावून, भांग पाडून हजर. गाडीत तालुक्याला निघालेली कॉलेजची पोरंही होती. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झालेली, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात वही उघडी. आमच्या चौथीच्या मुली त्यांच्याकडे पाहून एकदम गप्प झाल्या. रस्त्याच्या कडेला पळस फुलायला लागला होता. आजी खिडकीतून कोणाच्या वावरात हरभरा कसा आहे ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत होती.

उतरल्यावर सगळ्यात आधी मुलांना स्टँडवरच्या स्वच्छतागृहात नेऊन आणलं. बाजारपेठेत लहान मुलांची ही सोय नसते, हे आधी बघून ठेवा. सुटे पैसे जवळ असू द्या.

दुकानात वेगळीच धांदल. दहावीची परीक्षा २१ पासून, म्हणून रायटिंग पॅड, पारदर्शक पाउच आणि प्रश्नसंचांसाठी दारात गर्दी. भाऊंनी मागच्या गोदामात जागा केली होती. वह्यांचे गठ्ठे भिंतीला लावून मध्ये सतरंजी. बाई एका गठ्ठ्यावरच बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी, पायात चपला नव्हत्या. मुलांनी त्यांना पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. एकीने हळूच विचारलं, "ह्याच का?" तिला बहुतेक कोणीतरी उंच असेल असं वाटलं होतं.

नमस्कार झाला, ओळख झाली. मग शांतता. मी खुणावलं तशी चौथीतल्या मुलीने चिठ्ठी उघडून वाचलं, "आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" बाईंनी उत्तर दिलं, चांगलं दिलं, पण मुलं माझ्याकडे पाहत होती, बरोबर विचारलं का म्हणून. दुसरी चिठ्ठी, तिसरी चिठ्ठी. माझ्याच भाषेतले माझेच प्रश्न मला ऐकू येत होते. बाईंनी हसून हात पुढे केला, "चिठ्ठ्या माझ्याकडे द्या बरं, मी घरी जाऊन उत्तरं लिहीन. मला आधी तुमचं पुस्तक बघू द्या."

शाळेची ती फाटकी प्रत मी सरांच्या पिशवीत तळाशी ठेवली होती. दाखवायची इच्छा नव्हती, पण मुलांनीच ती काढून दिली. बाई एकेक पान उलटत गेल्या. चिकटपट्टी, हळदीचा डाग, कुणाच्या तरी अंगठ्याची शाई. शेवटचं पान उघडलं. हसणाऱ्या बकरीच्या तोंडातले वरचे दात कुणीतरी बॉलपेनाने काळे करून टाकले होते. नुसत्या गिरगोट्या नव्हत्या. खालच्या दातांना हात लावलेला नव्हता, वरचे तेवढे एकेक करून नीट बुजवले होते.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण मुलांना 'कोणी केलं' या प्रश्नाची सवय वेगळी आहे. सगळ्यांच्या माना खाली. सर घसा साफ करत काहीतरी बोलणार, एवढ्यात तिसरीतला, आजीसोबत आलेला पोरगा म्हणाला, "बकरीले वरतं समोरचे दात नसतेच."

"नसतात?"

"नाई. खालतंच असते. वरतं नुसती हिरडी. मागं दाढा असते."

"तुला कसं माहीत?"

"बाबा बाजारात बकरी घेतेत तवा तोंड उघडून पायते. दोन दाती का चार दाती, त्याच्यावरून वय समजते. मी बी पायतो."

बाईंनी पुस्तक जवळ घेतलं, चष्मा वर करून चित्र पाहिलं. मला कुठे तोंड लपवावं कळेना. पण आजी मागून ठामपणे म्हणाली, "खरं आहे पोट्ट्याचं." मग जे सुरू झालं ते थांबेना. बाई म्हणाल्या, अगं पण माझी बकरी हसते आहे, दात नाही दाखवले तर हसते हे कळणार कसं? एक म्हणाला, बकरी हासतच नसते. दुसरी म्हणाली, हासते, पण तोंडाने नाही. तिसरीने सांगितलं, खुश असली का शेपूट हालवते. कानांचं काय होतं, यावर दोन तट पडले. पहिलीतला एक जण उठून बकरी छपरावर कशी चढते ते वह्यांच्या गठ्ठ्यावर चढून दाखवायला लागला, त्याला सरांनी उतरवलं. चिठ्ठ्यांवेळी ज्या मुली माझ्यामागे बसल्या होत्या त्या आता बाईंच्या गुडघ्याला टेकल्या होत्या.

बाईंनी त्या मुलाला पेन्सिल दिली आणि बकरीचं उघडं तोंड काढायला सांगितलं. त्याने खालचे दात मोजून आठ काढले. वर नुसती एक रेघ. तो कागद बाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीला चित्र बदलता येतं का विचारते. प्रकाशक हो म्हणतील असं आत्ता सांगत नाही." मला ते आवडलं. मुलांना उगाच वचन दिलं नाही.

त्यांनी सोबत एक डमी आणली होती. म्हणजे पुस्तक छापण्याआधी स्वतःसाठी केलेलं तळहाताएवढं पुस्तक, पेन्सिलीने चौकटी आखलेलं. त्यात बकरी नव्हतीच, म्हैस होती. "पण म्हैस काही केल्या छपरावर चढेना," असं त्या म्हणाल्या तेव्हा मुलं जी हसली, की पुढून गिऱ्हाइकं डोकावून गेली. मग भाऊंकडून रद्दी पेपर मागवला आणि प्रत्येकाला घडी घालायला लावली. एक कागद तीनदा दुमडला की आठ पानं होतात, दोन्ही बाजू मोजल्या तर १६. म्हणून अशी पुस्तकं १६, २४, ३२ पानांची असतात, आणि गोष्ट तेवढ्यातच बसवावी लागते. २४ कसे, ते चौथीतल्या एकीने सांगितलं: एक पूर्ण कागद आणि एक अर्धा. गणिताच्या तासाला ही मुलगी मला कधी दिसली नव्हती.

मग एकाने विचारलं, "तुमाले याचे किती पैसे भेटते?" मी डोळे वटारले. बाई म्हणाल्या, विचारू द्या. शंभराचं पुस्तक विकलं गेलं की मला दहा रुपये. पोराने हिशेब केला, "म्हंजे एक आलूबोंडा." बाई म्हणाल्या, हो, आणि चित्रं दुसऱ्याने काढली असती तर अर्धाच.

सह्यांना तासभर लागला, कारण त्या प्रत्येक कार्डामागचं चित्र आधी बघत होत्या. शाळेच्या फाटक्या प्रतीवर सही कुठे करू विचारलं. मी मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडून दिलं. त्यांनी पानं उलटून काळ्या दातांच्या शेजारी सही केली आणि खाली तारीख घातली. नवी पाच पुस्तकं कोरीच राहिली, मुलं म्हणाली त्याच्यावर नको.

आलूबोंडे सरपंचांकडून होते, ते स्टँडवर खाल्ले. दीडच्या गाडीने परत.

एकूण खर्च दोन हजारांच्या आसपास झाला: तिकिटं, पाच पुस्तकं, कार्डशीट, खाऊ. पालकांकडून काही घेतलं नाही. आलूबोंडे सोडून बाकीचं समितीचे दोन सदस्य, सर आणि मी मिळून भागवलं. बाईंना मानधन विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. आजीने घरून बांधून आणलेले तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, तेवढे घेतले. पण तुम्ही कोणाला बोलावणार असाल तर प्रवासखर्च आणि मानधन आधीच स्पष्ट विचारा. प्रत्येकाचं आजोळ तुमच्या तालुक्यात नसणार. पत्ता नसेल तर पुस्तकावर प्रकाशकाचा फोन छापलेला असतो, तिथे विचारलं तर निरोप पोहोचतो. आमच्या भाऊंनी तेवढंच केलं होतं.

परत आल्यावर आठ दिवसांत अहवाल द्यावा लागला, दोन प्रतींत, फोटोंसह. त्यात 'फलनिष्पत्ती' असा रकाना असतो. मी 'विद्यार्थ्यांनी लेखिकेशी मुक्त संवाद साधला' असं लिहिलं. बाबूंनी वाचून विचारलं, "संवाद म्हणजे काय बोलले?" मी दातांचं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे शिपाईमामा म्हणाले, बरोबर आहे, आमच्या घरी पण आहेत बकऱ्या.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला मुलांनी बाईंना पत्रं लिहिली. पोस्टकार्ड अजून ५० पैशांतच मिळतं, २४ कार्डांचे १२ रुपये झाले. वाचून पाहिली तर निम्म्या कार्डांवर 'पुन्हा या' आहे. आजीच्या नातवाने लिहिलं आहे की पान नऊवरचा बकरीचा दोर खुंट्याला ज्या गाठीने बांधला आहे ती गाठ सुटत नाही, मग बकरी गेली कशी. खाली त्याने गाठीचं चित्र काढलंय.